हुशार पण बुजऱ्या मुलावर लघुपट करायचाय? कामाचा क्रम असा लावा

गणेशोत्सव किंवा मंडळाचे स्नेहसंमेलन जवळ आले की बडोद्यात दोन-चार घरांत तरी ठरते, यंदा नाटुकल्याऐवजी मोबाइलवर दहा मिनिटांचा लघुपट करू. विषय बहुतेकदा ठरलेला असतो: अंगात गुण असलेले पण चारचौघांत गप्प होणारे मूल, आणि हळूहळू त्याला आलेला धीर. विषय उत्तम आहे. घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून पाहावा असाच आहे. काम बिघडते ते क्रमामुळे. आधी गोष्ट लिहिली जाते, मग हॉलची तारीख मिळते, मग कॅमेरा येतो आणि सगळ्यात शेवटी कोणाचे तरी चुणचुणीत मूल आणून उभे केले जाते. त्याला तबला येत नसतो, म्हणून हात टाळून चेहराच दाखवायची वेळ येते. ज्या गुणावर अख्खी गोष्ट उभी आहे, तो पडद्यावर येतच नाही.

म्हणून क्रम असा ठेवा: मूल आधी, त्याचा गुण दुसरा, गोष्ट तिसरी आणि कॅमेरा बराच नंतर. उदाहरणासाठी इथे तबला वाजवणारी दहा वर्षांची मुलगी धरली आहे. तुमच्या घरात चित्र काढणारा किंवा गणितात रमणारा मुलगा असेल तर तबल्याच्या जागी ते घाला, क्रम तोच राहील.

टप्पा १: मूल शोधा, पण निवड-चाचणी घेऊ नका

निवड-चाचणीत बुजरे मूल पहिल्या फेरीतच मागे पडते. निवडले जाते ते धीट मूल, आणि मग ते मान खाली घालून लाजण्याचा अभिनय करते. प्रेक्षकांना हे लगेच कळते.

त्याऐवजी ओळखीच्या तबल्याच्या क्लासला जा. सरांची आणि पालकांची परवानगी घ्या, मागे भिंतीला टेकून बसा, फोन खिशातच राहू द्या. सगळ्यांत छान कोण वाजवतेय याकडे फार लक्ष देऊ नका. आपली पाळी नसतानाही जिची बोटे मांडीवर चालू आहेत, दुसऱ्याचा बोल चुकला की जिची मान पटकन वर होते आणि सरांनी नाव घेतले की जी आधी दाराकडे बघते, ती तुमची नायिका. असे एक-दोनदा बसून या. पहिल्या दिवशी सगळीच मुले पाहुण्यांसाठी वागतात.

मग पालकांशी बोला आणि त्यानंतर मुलीशी, आईबाबा शेजारच्या खोलीत असताना. तिला तीन गोष्टी विचारायच्या: तुला हे करावेसे वाटते का, कॅमेऱ्यासमोर काय अजिबात करायचे नाही, आणि मध्येच नको वाटले तर कोणाला सांगशील. तिसरा प्रश्न लोक गाळतात आणि तोच सगळ्यांत उपयोगी पडतो. तिने ज्याचे नाव घेतले ते माणूस चित्रीकरणाच्या प्रत्येक दिवशी हजर हवे.

इशारा: बाल व किशोर कामगार (प्रतिबंध व नियमन) कायदा, १९८६ आणि त्याखालचे २०१७ साली सुधारलेले नियम मुलांच्या चित्रीकरणालाही लागू होतात. दिवसाला ५ तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांहून जास्त नाही, आणि दृक्‌श्राव्य निर्मितीत मूल घेण्याआधी निर्मात्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी काढायची असते. मुलाच्या कमाईतली किमान २० टक्के रक्कम त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवावी लागते. ‘आमचे घरगुतीच आहे’ असे धरून चालू नका. कलेक्टर कचेरीत आधी विचारून घ्या. तासांची मर्यादा तर घरच्या घरी केलेल्या लघुपटातही पाळाच.

टप्पा २: तिला नेमके काय येते ते ऐका

‘छान वाजवते’ एवढ्यावर गोष्ट लिहिता येत नाही. सरांना विचारून तिला सध्या काय बसलेले आहे त्याची यादी करा. समजा ‘धा तिट धा तिट धाधा तिट धागे तीना कीना’ हा तीनतालातला (सोळा मात्रांच्या तालातला) कायदा, म्हणजे ठरावीक बोलांची रचना, तिला पलट्यांसकट (त्याच बोलांच्या फेरफारांसकट) येतो, दुगुणीत (दुप्पट लयीत) स्वच्छ येतो, पण त्यापुढे लय वाढली की डावा हात मागे पडतो. मग शेवटच्या प्रसंगात दुगुणच ठेवायची. तिला पेलत नाही ते लिहून ठेवले तर चित्रीकरणाच्या दिवशी ती खरोखरच अडेल, आणि धीर मिळण्याच्या गोष्टीत तुम्हीच तिचा धीर काढून घ्याल.

गुण दाखवायला वेग लागत नाही. एक प्रसंग पाहा. मामा स्वयंपाकघरात रिकाम्या डब्यावर ठेका धरून बसलेत. ती आत अभ्यास करतेय. मान वर न करता तिथूनच म्हणते, “मामा, खाली खाल्लीत.” मामा थांबतात, सोळा मात्रा बोटांवर मोजतात, नववीला, म्हणजे ‘खाली’च्या मात्रेला, अडखळतात. तिचे म्हणणे बरोबर निघते. एवढ्या अर्ध्या मिनिटात, तबला न जाणणाऱ्या प्रेक्षकालाही कळते की या मुलीचा कान वेगळा आहे. असे दोन-तीन प्रसंग सरांकडून किंवा तिच्या घरच्यांकडूनच मिळतात. विचारा, ते आनंदाने सांगतात.

टप्पा ३: गोष्ट लिहा

पटकथेचे एक पान म्हणजे साधारण एक मिनिट. दहा पानांच्या वर जाऊ नका.

आधी भीती नक्की करा. ‘स्टेजची भीती’ फार ढोबळ आहे. तिला कोणी बघितले की हात थांबतात? एकदा हसलेल्या आत्याची आठवण येते? की आपला डावा हात कच्चा आहे हे सगळ्यांना कळेल असे वाटते? यातली एकच निवडा. तीनही घातल्या तर दहा मिनिटांत एकही नीट दिसत नाही.

मग वळण. इथे सर्वांत जास्त लघुपट घसरतात. स्पर्धा, पहिले बक्षीस, टाळ्यांचा कडकडाट, आईच्या डोळ्यांत पाणी, संपले. पहिला नंबर आल्यावर धीट व्हायला कोणालाही जमते. समोर सतरंजीवर बसलेल्या, कधीच नंबर न आलेल्या मुलाने त्यातून काय घ्यायचे? धीर आधी यायला हवा, एखाद्या लहानशा जागी, कोणीतरी नीट ऐकल्यामुळे. स्टेज त्यानंतर येऊ दे, आणि बक्षीस नाही आले तरी चालेल.

दुसरी घसरण म्हणजे उपदेश. बाबा खांद्यावर हात ठेवून म्हणतात, “बाळा, तुझ्यातली शक्ती ओळख, जग तुझी वाट बघतंय.” असे आपल्या घरात कोणी बोलत नाही. त्याच जागी हे ठेवून पाहा. आजी मेथी निवडतेय.

“परवा वाजवत होतीस ते वाजव की गं.”

“तू बघशील.”

“मी कशाला बघू? मला मेथी निवडायचीय.”

“आणि बघितलंस तर?”

“तर तू थांब.”

ती वाजवते. आजीचे हात मेथीवरच, पण थोड्या वेळाने पाने निवडण्याची लय ठेक्याला जुळते. तिला ते दिसते. ती थांबत नाही. लघुपटाचे वळण इथेच झाले.

खलनायकी शिक्षक आणि टोमणे मारणारी शेजारीण ही दोन पात्रे शक्यतो काढून टाका. त्यांच्यामुळे मुलीची अडचण बाहेरची वाटू लागते. ती आतली आहे.

भाषेबद्दल एक सांगायलाच हवे. बडोद्यातल्या आपल्या घरांत मराठी आणि रस्त्यावर गुजराती चालते. पडद्यावरही तसेच राहू द्या. रिक्षावाले काका ‘क्यां जवुं छे?’ असेच विचारणार, त्यांच्या तोंडी पुणेरी मराठी घालू नका. शिवाय गुजराती किंवा इंग्रजी माध्यमातली बरीच मुले मराठी झरझर बोलतात, पण देवनागरी वाचताना अडखळतात. म्हणून मुलीच्या हातात छापील संवाद देऊ नका. प्रसंग तिला तोंडी सांगा, या वेळी तुला काय हवंय ते सांगा, आणि वाक्ये तिची तिला बोलू द्या. पाठ केलेले वाक्य ऐकताच ओळखू येते.

तपासा: सगळे संवाद झाकून गोष्ट कोणाला तरी सांगा. नुसत्या हातांवरून आणि नजरेवरून समजली तर पुढे जा. नाही समजली तर अजून लिहायचे बाकी आहे.

टप्पा ४: जागा आणि परवानग्या

दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातले जुने घर मिळाले तर सोने. माजघर, अंधारा जिना, झोपाळा, सगळे आयते मिळते. पण जागा डोळ्यांनी पसंत करायच्या आधी कानांनी तपासा. ज्या वेळी चित्रीकरण करणार त्याच वेळी तिथे जा आणि पाच मिनिटे डोळे मिटून बसा. पाण्याची मोटर, शेजारचा कुकर, देवळातली घंटा, गल्लीत वळणाऱ्या रिक्षांचे हॉर्न. यातले काय बंद करता येईल आणि काय नाही ते लिहून काढा. झोपाळ्याच्या कड्यांना आदल्या दिवशी तेल घाला. त्याची कुरकुर हवी असेल तर ती वेगळी मुद्रित करून नंतर जोडता येते, पण संवादाखालची काढता येत नाही.

कमाटीबागेत चित्रीकरण करायचे असेल तर महानगरपालिकेची लेखी परवानगी काढा. तांबेकर वाड्यासारख्या पुरातत्त्व खात्याच्या वास्तूत चित्रीकरणाचे नियम वेगळे आहेत. दारावरच्या माणसाने ‘घ्या’ म्हटले म्हणून सामान लावू नका.

तारखांचे पाहायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे ऊन कोवळे असते आणि पंखा बंद ठेवता येतो. नवरात्रीच्या रात्री सोडून द्या, गरब्याचा आवाज खिडक्या लावल्या तरी आत येतो. १४ आणि १५ जानेवारीला शहर गच्चीवर असते, त्या दोन दिवसांत शांत प्रसंग होणे नाही. परीक्षेचे आठवडे वगळा, हे सांगायला नकोच.

टप्पा ५: आवाजाची तयारी, मग कॅमेऱ्याची

घरगुती लघुपट चित्रामुळे क्वचित फसतात, आवाजामुळे नेहमी. दुसरा फोन रेकॉर्डर म्हणून वापरा आणि त्याला कॉलरला लावायचा साधा माइक जोडा. दोन्ही फोन विमान मोडवर ठेवा. प्रत्येक वेळी दोन्ही सुरू झाल्यावर एक टाळी वाजवा. नंतर आवाज आणि चित्र जुळवायला तीच उपयोगी पडते. प्रत्येक खोलीत सगळ्यांनी गप्प राहून अर्धा मिनिट नुसता खोलीचा आवाज घ्या. संकलनात दोन तुकड्यांमधली फट त्याने बुजते.

तबल्याचा माइक डग्ग्याच्या अगदी जवळ ठेवू नका, घुमारा फाटतो. समोरून दोन-तीन फुटांवर, थोडा उंच ठेवा आणि आधी तिला जोरात वाजवायला सांगून पातळी ठरवा. तबला चढतो-उतरतो हेही लक्षात असू द्या. दिव्यांच्या उष्णतेत किंवा एसीच्या गारव्यात अर्ध्या तासात सूर हलतो. सकाळचा तुकडा आणि दुपारचा तुकडा जोडला की फरक कानाला टोचतो. हातोडी आणि सुराचे ॲप जवळ ठेवा आणि प्रत्येक विश्रांतीनंतर सरांकडून लावून घ्या.

कॅमेऱ्याचे थोडक्यात. फोन आडवा धरा, लेन्स स्वच्छ पुसा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची असल्याने सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवले तर ट्यूबलाइट लुकलुकत नाही. उजेड आणि फोकस लॉक करा. कॅमेरा मुलीच्या डोळ्यांच्या उंचीवर हवा, म्हणजे ती बैठकीवर असेल तर तुम्हीही जमिनीवरच बसा. वरून घेतलेल्या दृश्यात प्रत्येक मूल बिचारे दिसते.

टप्पा ६: चित्रीकरण कोणत्या क्रमाने

सगळ्या कामात हा टप्पा निर्णायक आहे. हॉल अमुक तारखेलाच मोकळा आहे म्हणून शेवटचा प्रसंग पहिल्या दिवशी उरकला जातो, आणि मुलगी खरोखर घाबरलेली असताना तिच्याकडून धीटपणाचा अभिनय मागितला जातो. पुढे तिसऱ्या दिवशी ती सगळ्यांना सरावलेली असते, तेव्हा तिला घाबरायला सांगितले जाते. हे बरोबर उलटे करा.

पहिले दोन तास उपयोगाचे काहीच घेऊ नका. टाळी तिला वाजवू द्या, कॅमेऱ्यातून तिला बघू द्या, मामांचे चित्रीकरण तिलाच करू द्या. मग गप्पपणाचे, दाराआडचे, मान वळवण्याचे प्रसंग घ्या. त्या दिवशी ती जशी आहे तशीच हवी. दुसऱ्या दिवशी घरातले, आजीचे, मेथीचे प्रसंग. हॉल शेवटी. तारीख जुळत नसेल तर हॉल बदला, मंडळाची छोटी खोली घ्या, पण क्रम मोडू नका.

खोलीत माणसे कमीत कमी ठेवा. मुलीशी बोलणारे माणूस एकच. आईबाबा हाकेच्या अंतरावर असावेत, पण कॅमेऱ्यामागे उभे नकोत, कारण प्रत्येक वाक्यानंतर तिची नजर तिकडे जाते आणि तिथून हलकेच “नीट बस” असे ऐकू येते. ‘ॲक्शन’ ओरडू नका. “हं, तुझं झालं की सुरू कर,” एवढे पुरते.

भीती दाखवायला रडणे लागत नाही. तबला वाजवणारे हाताला पावडर लावतात. ती पावडर लावते, तळवे चोळते, पुन्हा डबी उघडते, पुन्हा लावते. मांडीवर पांढरा थर साठतो आणि बोटे अजून पुडीवर (तबल्याच्या कातड्यावर) आलेली नसतात. हे जवळून घ्या, घाई न करता. चेहरा दाखवायची गरजच पडत नाही.

इशारा: खरे अश्रू मिळावेत म्हणून मुलीला रागावणे, खोटी बातमी सांगणे किंवा इतरांना तिच्यावर हसायला लावणे हे कोणत्याही कारणासाठी करायचे नाही. तसा प्रसंग लघुपटात नसला तरी चालेल.

आता तबलावादनाचा प्रसंग. तुकड्या-तुकड्यात घेतला तर लय दर वेळी थोडी वेगळी पडते आणि नंतर काहीच जुळत नाही. आधी सरांसोबत एक लय नक्की करा, त्या लयीचा लेहरा (तबल्यासोबत फिरत राहणारी धून) ॲपवर लावा आणि तो तिच्या एका कानात छोट्या इयरफोनने ऐकवा, केसांआड लपेल असा. संपूर्ण वादन सुरुवातीपासून तिहाईपर्यंत (तीनदा वाजणाऱ्या शेवटच्या तुकड्यापर्यंत) सलग घ्या: एकदा लांबून, एकदा हातांवर, एकदा चेहऱ्यावर. लय एकच राहिल्याने तिन्ही तुकडे एकमेकांत बसतात. प्रत्येक वेळी मध्ये पाणी, तबला पुन्हा लावणे आणि थोडी मस्ती. तीनदा झाले की थांबा. चौथ्या वेळी हात चालतात पण मन उडालेले असते.

श्रोत्यांचे चेहरे वेगळ्या वेळी घ्या, मुलगी घरी गेल्यावर. तिच्यासमोर पन्नास माणसांना “पुन्हा एकदा टाळ्या” असे सांगितले की त्या टाळ्यांवरचा तिचा विश्वास जातो.

तपासा: त्याच संध्याकाळी सगळ्या फाइल दोन वेगळ्या ठिकाणी उतरवा आणि इयरफोन लावून ऐका. आवाज गेला असेल तर दुसऱ्या सकाळी, तेच कपडे आणि तोच उजेड असेपर्यंत, पुन्हा घेता येतो.

टप्पा ७: संकलन

डाविन्ची रिझॉल्व्ह या संगणकावरच्या संकलन-सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती पुरेशी आहे. आधी टाळीवर सगळे आवाज जुळवा, मगच कापायला बसा.

तबल्याच्या प्रसंगात तिहाईच्या मध्ये दृश्य बदलू नका. तिसरा ‘धा’ समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) पडेपर्यंत हात दिसू द्या आणि समेनंतर एक श्वास सोडून मग चेहऱ्यावर जा. जाणकार माणूस इथेच बघत असतो. वादनाखाली दुसरे पार्श्वसंगीत नको, आणि लघुपटात कुठेही सिनेमातले गाणे नको. त्याचे हक्क दुसऱ्याकडे असतात आणि अपलोड करताच दावा येतो. उरलेल्या जागी झोपाळ्याचा आवाज, स्वयंपाकघरातली भांडी, गल्लीतली हाक पुरे.

पहिला कच्चा मसुदा पंधरा मिनिटांचा होतो, हे ठरलेलेच. सगळ्यांत आधी बाबांचे वाक्य कापून बघा, मग सुरुवातीची शहराची दृश्ये. बहुतेकदा गोष्टीला काहीच होत नाही.

टप्पा ८: आधी तिला दाखवा

मंडळाच्या पडद्यावर यायच्या आधी लघुपट मुलीने घरच्यांसोबत पाहायला हवा. तिला एखादे दृश्य नको असेल तर ते काढा. कारण विचारू नका, वाद घालू नका, ‘तेच तर सगळ्यांना आवडलं’ असे तर मुळीच म्हणू नका. हे आधीच मान्य केलेले असेल तर संकलनातही तुम्ही जपून चालता.

मंडळात लघुपट संपल्यावर निवेदक उत्साहाने म्हणतात, “आता आपली छोटी कलाकार इथेच थोडं वाजवून दाखवेल.” निवेदकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा, असे म्हणायचे नाही. तिला वर बोलवायचे की नाही हे तीच ठरवेल, आणि ठरले तरी तबला आधी लावून ठेवलेला असावा.

यूट्यूबवर टाकताना ‘मुलांसाठी बनवलेला’ हा पर्याय निवडला की खालच्या प्रतिक्रिया आपोआप बंद होतात. फक्त नातेवाइकांनाच दाखवायचा असेल तर ‘अनलिस्टेड’ ठेवा आणि दुवा द्या. श्रेयनामावलीत मुलीचे फक्त पहिले नाव घाला, शाळेचे नाव, वर्ग आणि क्लासचा पत्ता नको. अपलोड करण्याआधी पूर्ण लघुपट आवाज बंद करून एकदा बघा: गणवेशावरचा बिल्ला, दारावरची पाटी, स्कूटरची नंबरप्लेट, भिंतीवरचे प्रमाणपत्र. जिथे वाचता येते तिथे अस्पष्ट करा किंवा दृश्य कापा, मग फाइल पाठवा.